डावा नऊ, उजवा नऊ

"हा एक आहे की सात?"

आवाज पाठीमागून आला आणि भिंगरीचा ब्रश दचकून खाली घसरला. आता तो आकडा एकही राहिला नाही आणि सातही नाही.

त्याने वळून बघितलं. सायकल. हँडलला लटकवलेले रंगाचे दोन डबे. आणि सायकल धरून उभी असलेली एक मुलगी... मान तिरकी करून ती त्याचं अक्षर तपासत होती, डॉक्टर जीभ तपासतात तसं. नदीवरच्या वाऱ्याने केस तोंडावर येत होते. हात रिकामे नाहीत म्हणून ती ते फुंकर मारून उडवत होती.

"पूल बंद आहे," भिंगरी म्हणाला. "बाहेर पाटी लावलीये. दिसली नाही?"

"दिसली ना. मीच रंगवलीये."

भिंगरीने पुन्हा आकड्याकडे बघितलं.

"सात आहे," तो पुटपुटला.

"मग त्याला सांगा तसं. तो बिचारा स्वतःला एक समजून बसलाय."

वरच्या तुळईवर बसलेले मामा खो-खो हसले. मामा म्हणजे टोळीचे मुकादम. सख्खे मामा कोणाचेच नव्हते, पण कान पिळायचा हक्क सगळ्यांवर राखून होते. "अगं पोरी, सकाळपासून मी हेच सांगतोय याला. कोंबडी रंगात नाचून गेली असती तरी यापेक्षा बरं उमटलं असतं!"

"मामा, मी पाना चालवणारा माणूस आहे..."

"मग पानाच चालव! पोरी, डबे तुझेच ना? उद्यापासून येतेस का?"

तिने एकदा पुलाकडे बघितलं, एकदा त्या बिघडलेल्या साताकडे.

"येते," ती म्हणाली. "नाहीतर हे पुलाचं वाटोळं करतील."

आता हे आकडे कशासाठी, ते आधी सांगतो. कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

पूल जुना, लोखंडी कैचीचा. म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडाचे त्रिकोणच त्रिकोण, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि मधून रस्ता. खालच्या अंगाला काँक्रीटचा नवा पूल झाला, रुंद आणि गुळगुळीत, आणि या जुन्याला कोणी कुत्रं विचारेना. पण वर डोंगरात एका नदीवर पूलच नव्हता. तिथली माणसं अजून होडीने दवाखान्यात जायची. मग ठरलं... हा पूल सुटा करायचा, तिकडे न्यायचा आणि पुन्हा जोडायचा.

सुटा करणं सोपं असतं. जोडताना नाकी नऊ येतात. जुन्या काळी दोन पट्ट्या एकमेकींवर धरून भोकं जागच्या जागीच पाडायचे. त्यामुळे दिसायला सगळे दांडे जुळे भाऊ, पण प्रत्येक जण बसणार फक्त आपल्याच जागी. डाव्या पायाचा बूट उजव्यात चढत नाही ना, तसं. म्हणून सोडायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, डाव्या बाजूचा की उजव्या आणि कितवा. आणि नियम एकच. तोंड पलीकडच्या काठाकडे ठेवायचं. मग डाव्या हाताला येईल तो डावा, उजव्या हाताला येईल तो उजवा.

"एवढं नीट जमव," मामांनी भिंगरीला बजावलं होतं. "पूल तिकडे जाऊन मुकाट बसला, की टोळी तुझी. मी माझे गुडघे घेऊन घरी जातो."

भिंगरीला ते हवं होतं. जीव तोडून हवं होतं. बापाचं आयुष्य पुलांवर गेलं, त्यामुळे याचा जन्म एका नदीच्या काठी तंबूत, पहिलं पाऊल दुसऱ्या नदीच्या काठी. आता आई तिच्या बहिणीकडे राहायची आणि फोन उचलला की 'कसा आहेस' असं विचारायचीच नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आता कुठल्या नदीवर?" पायाला भिंगरी म्हणून नाव भिंगरी. खरं नाव फक्त आईला आणि बँकेला ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून जोडी कामाला लागली. तो नकाशा बघून पुकारायचा, ती रंगवायची.

"डावा, एक."

तिचा हात लांबून यायचा, लोखंडाला टेकायचा आणि एका दमात 'डा १'. असा की छापल्यासारखा. तिला सगळे पाटीवाली म्हणायला लागले. पुलाच्या अलीकडच्या टोकालाच तिच्या बाबांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. बाबांचा हात आता थरथरायचा, म्हणून रंगवायची ती आणि चुका काढायचे बाबा.

"तुम्ही नेहमी असेच पाय हलवता?" तिने विचारलं.

"कसे?"

"असे. सगळा पूल हलतोय. हा बघा माझा दोन, तीन व्हायला निघाला."

भिंगरीने पाय आवरला. मग बोटं वाजायला लागली, कठड्यावर टकटक टकटक.

"अहो, बसा ना जरा शांत!"

"नाही जमत."

"का पण?"

"बसलं की... कुठेतरी काहीतरी राहून गेलंय असं वाटतं."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ब्रश डब्यात बुडवून तिथेच धरून ठेवला तिने. "मला ते उभं राहिल्यावर वाटतं," ती म्हणाली. "इथे. रोज."

म्हणजे काय, ते त्याला त्याच संध्याकाळी दुकानात कळलं. तो टर्पेंटाइन न्यायला गेला होता. भिंतीला टेकून पाट्याच पाट्या वाळत होत्या. दाताचा डॉक्टर, शिंपी, 'येथे गाडी लावू नये'. आणि कोपऱ्यात बाणाच्या निळ्या पाट्या, रस्त्यावर लावतात त्या. गावांची नावं आणि पुढे किलोमीटर.

"ही सगळी गावं बघितलीयेस तू?" त्याच्या तोंडून 'तू' निसटला. दोघांनाही कळलं, दोघांनीही न कळल्यासारखं केलं.

"एकही नाही," ती म्हणाली. "आख्ख्या जगाला रस्ता दाखवते मी. आपण मात्र पुलाच्या या टोकाला."

"आणि त्यात वाईट काय आहे?" आतून बाबा बाहेर आले. भिंगरीला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं, अक्षर तिरकं आहे की सरळ ते बघावं तसं. "तू तो पूल मोडणारा का? ऐक. या पुलाकडून शिक जरा. जन्मला तिथेच उभा राहिला. पूर आले, वादळं आली..."

बाबांच्या पाठीमागे पाटीवाली ओठांनी तेच शब्द बिनआवाजी म्हणत होती, हातवाऱ्यांसकट.

"...पण पठ्ठ्या इंचभर हलला नाही!" बाबांनी संपवलं. तिनेही संपवलं. भिंगरीला हसू आवरेना, म्हणून तो उगाच खोकला.

"खोकला आहे वाटतं," बाबा म्हणाले. "नदीवरचा वारा बाधतो उपऱ्यांना."

त्या पुलाला एक खोड होती. दोन उभ्या खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. त्यातला तिसरा खण लंगडा होता. तिथल्या तिरप्या दांड्यांना ठिगळं लावावीत तशा जादा पट्ट्या ठोकलेल्या. का, ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच प्रत्येक घरात त्याची वेगळी गोष्ट होती. कोणी म्हणे पुरात ओंडका आदळला. कोणी म्हणे दोन कारागीर भाऊ होते, दोन काठांकडून बांधत आले आणि वाटेत भांडले. बाबा म्हणायचे, मुद्दाम केलंय, दृष्ट लागू नये म्हणून.

आकडा धरावा म्हणून पाटीवाली तिथला जुना रंग खरवडत होती. करडा गेला, खाली हिरवा. हिरवा गेला, खाली तांबडा. तांबड्याखाली मात्र तिचा हात थांबला.

"इकडे ये."

लोखंडात छिन्नीने ठोकलेल्या खुणा होत्या. एक आकडा, आणि शेजारी डावी बाजू दाखवणारा बाण.

मामांना बोलावलं. मामा वाकले, गुडघे कुरकुरले, बोटांनी खुणा चाचपल्या आणि शीळ घातली. "अरे वा रे वा! या तर जोडणीच्या खुणा. आपण करतोय त्याच. म्हणजे हा गडी एकदा सुटा झालाय... हा इथला नाहीच! कुठल्या तरी दुसऱ्या नदीवरून आणलाय याला."

"पण बाण डावा आहे," भिंगरी म्हणाला. "आणि दांडा उजव्या बाजूला."

"केला असेल कोणीतरी गाढवपणा. मग बसेना, म्हणून ठोकल्या पट्ट्या." मामा निघून गेले.

पाटीवाली मात्र हलेना. त्या खुणांवर तळहात ठेवून उभी राहिली. डोळे असे चमकत होते की भिंगरीला लोखंडाचा हेवा वाटला.

"हा आलाय," ती हळूच म्हणाली. "हा बाहेरून आलाय! आणि मला जन्मभर याचं उदाहरण..." पुढचं तिला हसण्यात बोलता येईना. का रडण्यात, ते त्याला कळेना. वारा फार होता.

पुलाच्या मध्यावर पोचले तेव्हा पाऊस आला. ध्यानीमनी नसताना, तिरपा, नदीच्या अंगावरून धावत. ओले आकडे वाहून जातील म्हणून भिंगरीने ताडपत्री ओढली, आणि ती दोघं डबे-ब्रश घेऊन त्याखाली शिरली. पाऊस पलीकडच्या काठाकडून येत होता, सरळ तोंडावर. ती वळली. पावसाला पाठ केली. आणि वळल्यावर समोर आला भिंगरी.

इतकी जवळ ती आधी कधी नव्हती. तिच्या पापणीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता. सांगावं का तिला? नको. पुसेल.

"तुझी नदी कुठली रे?" तिने विचारलं. "म्हणजे, घरची?"

"पुढची," तो म्हणाला. "नेहमी पुढचीच."

"आणि मागच्यांची आठवण नाही येत?"

"आजपर्यंत... नाही आली."

ताडपत्रीवर पाऊस बडबडत होता. भिंगरीच्या लक्षात आलं, त्याचा पाय हलत नाहीये. त्याला भीतीच वाटली. म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "चल, काम. डावा, नऊ."

"डावा नऊ," ती म्हणाली.

पाऊस ओसरला तरी वारा तसाच बोचरा राहिला आणि ती तशीच, पाठ वाऱ्याला, तोंड त्याच्याकडे. तो पुकारायचा, ती रंगवायची. डावा दहा. उजवा दहा. डावा अकरा. एकेक पाऊल ती मागे सरकत गेली, एकेक पाऊल तो पुढे. पलीकडचा काठ आला तेव्हा दोघांनाही वाटलं, पूल फारच आखूड बांधलाय.

मग क्रेन आली. तराफे आले. पुलाचा एकेक त्रिकोण हवेत उचलला जायचा आणि काठावर गर्दी करून उभी असलेली माणसं उगाचच टोपी सारखी करायची. बाबा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि पुलाकडे पाठ करायचे. पूल परका आहे हे कळल्यापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

शेवटचा ट्रक भरला. भिंगरी सकाळपासून एकच वाक्य तोंडात घोळवत होता. दुकानापर्यंत तीनदा आला आणि तीनदा माघारी वळला. चौथ्यांदा तीच बाहेर आली.

"निघालास?"

"हो."

"बरं."

बरं म्हणून ती थांबली होती. तिच्या बोटाला निळा रंग लागलेला. तिने तो पुसला, आणखी पसरला.

"तिकडे..." भिंगरीचा पाय सुटला, टकटक टकटक. "तिकडे पण पाट्या लागतीलच. तू येशील?"

"कशाला?"

आता बोल ना लेका! आख्खं आयुष्य उंचावर काम केलंस, कधी चक्कर आली नाही. आणि इथे सपाट रस्त्यावर...

"कामाला," भिंगरी म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, दुकानाचं शटर उतरावं तसं. "कामाला माणसं मिळतात," ती म्हणाली. "जा. ट्रक निघेल."

ट्रक निघाला. भिंगरी लोखंडावर बसून मागे बघत राहिला. 'डा ९' त्याच्या अगदी मांडीपाशी होता, छापल्यासारखा.

डोंगरातली नदी अरुंद होती, पण भारी तापट. नदीत तात्पुरते टेकू उभारून अलीकडच्या काठाकडून पूल जोडत न्यायचा होता. आठव्या खणापर्यंत सगळं लोण्यासारखं गेलं. भोकावर भोक, बोल्ट टाकला की आत. मामा शिट्टी वाजवत होते. टोळी आपली झालीच, असं भिंगरीला वाटायला हवं होतं. त्याला काहीच वाटत नव्हतं. तंबूत झोप नाही. उठून काठावर यायचं, पुन्हा तंबूत जायचं. आईचा फोन आला. "आता कुठल्या नदीवर?" आणि तो पटकन म्हणाला, "मागच्या." आईने लगेच विचारलं, "कोण आहे रे?"

आणि नववा खण बसेना.

नखभराचाच फरक, पण लोखंड नखभरही माफ करत नाही. ठोकून, ताणून, जादा पट्ट्या लावून एकदाचा दामटून बसवला. दहाव्याला तर हातभर शिव्या घालूनही यश येईना. मामांनी हेल्मेट काढून आपटलं.

"त्या पाटीवालीने वाट लावली! अक्षर मोत्यासारखं, आणि अक्कल..."

"मामा, थांबा."

भिंगरी खणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तोंड पलीकडच्या काठाकडे. नियमाप्रमाणे. डोळे मिटले. ताडपत्रीवरचा पाऊस आठवला, पापणीवरचा ठिपका आठवला. डावा, नऊ. आणि ती हसून वळली... आपल्या डाव्या हाताला.

तिच्या डाव्या. जो त्याचा उजवा.

ती समोर होती. तोंड त्याच्याकडे. तिथून पुढे शेवटपर्यंत डावं ते उजवं आणि उजवं ते डावं झालेलं.

"तिची चूक नाही," तो म्हणाला. "माझी आहे. ती माझ्याकडे तोंड करून होती. आकडा बरोबर बाजूला पडतोय की नाही हे बघणं माझं काम होतं."

"मग बघत कुठे होतास?"

टोळीने हातातलं काम थांबवलं. नदीसुद्धा जरा हळू वाहतेय असं त्याला वाटलं.

"तिच्याकडे," भिंगरी म्हणाला.

कोणीतरी फुस्सकन हसलं. मामांचा चेहरा लाल झाला. "टोळी देणार होतो मी तुला! या... या असल्या... माणसाच्या हाती..." बोलता बोलता त्यांची नजर नवव्या खणावर गेली. ठोकून बसवलेल्या जादा पट्ट्या, ठिगळासारख्या. मग पुलाच्या सुरुवातीकडे, जुन्या लंगड्या तिसऱ्या खणाकडे. तिथेही तशाच पट्ट्या. डाव्या बाणाचा दांडा उजवीकडे.

मामा तिथेच खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे म्हणजे त्या वेळीसुद्धा कोणीतरी... अरे देवा! ओंडका म्हणे आदळला!"

हसून झाल्यावर डोळे पुसले. "टोळीचं नंतर बघू. तुझी टोळी आता हे सगळे नंबर उलटे करणार, मग दहापासून पुढे जोडणार. नऊ राहू दे तसाच, आता सोडला तर पट्टी फाटेल. कळलं?"

"कळलं. आणि मग मला जायचंय, मामा."

"कुठे?"

"मागे."

मामांनी त्याच्याकडे नीट बघितलं. हा पोरगा उभ्या आयुष्यात कधी मागे गेला नव्हता.

पण त्याच्यावर जायची वेळ आलीच नाही. पूल पलीकडच्या काठाला लागायला शेवटचा खण तेवढा उरला होता. भिंगरी टोकावर पाना घेऊन उभा, समोर मोकळी हवा, खाली तापट नदी. पलीकडच्या काठावर, डोंगराला लांबचा वळसा घालून येणारी दिवसातली एकुलती एक बस थांबली. धूळ खाली बसली. तिथे एक मुलगी उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रंगाचे दोन डबे.

"ए!" ती ओरडली. "डावं-उजवं उलटं झालंय!"

"माहितीये!" भिंगरी ओरडला.

"काय?"

"माहितीये! सापडलं! सगळं नीट केलं!"

ती थांबली. डबे खाली ठेवले. "बाबा समोर उभे राहून बाण डावीकडे काढ म्हणाले, मी माझ्या डावीकडे काढला, तो त्यांचा उजवा निघाला! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! तेच सांगायला आले होते!"

"बरं!"

"मग आता माझं काम नाही ना इथे?"

"नाही!"

"मग जाते मी!" आणि तिने खरंच बॅग उचलली.

"नको!" भिंगरी इतक्या जोरात ओरडला की मामांच्या हातातला चहा सांडला.

"का नको?"

तिच्याच काठाला खाली होडीवाला होडी लावून बसला होता. त्याने वर बघून विचारलं, "बाई, येणार की जाणार? एक काय ते सांगा."

"ते याला विचारा!"

सगळी टोळी भिंगरीकडे बघायला लागली. आणि त्याचा पाय? पाय हलत नव्हता. हलला असता तर बरं झालं असतं.

"तू गेल्यापासून..." तो ओरडला.

"मी कुठे गेले? तू गेलास!"

"बरं, मी गेल्यापासून! झोप नाही मला! मागच्या नदीची आठवण येते!"

"नदीची?"

"तुझी!"

डोंगरानेही ते ऐकलं आणि एकदा परत म्हणून दाखवलं. *तुझी...*

तिने हाताच्या पाठीने डोळा पुसला का केस बाजूला केले, इतक्या लांबून दिसेना. मग आवाज आला, जरा फाटलेला. "आणि कामाला बोलावशील तर खबरदार!"

"कामाला नाही! राहायला!"

"कुठे? तू तर कुठेच राहत नाहीस!"

"तू म्हणशील तिथे राहतो! एका जागी! शपथ!"

"वेडा आहेस का? एका जागी राहून-राहून माझा जीव गेलाय! मला फिरायचंय!"

भिंगरी क्षणभर गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसा ओल्या लोखंडावर उन्हाचा पट्टा. "मग फिरू!"

"आणि बाबा?" मामा मधेच ओरडले. शेवटी मुकादमच तो. "घरी सांगून आलीस ना पोरी?"

"बाबाच म्हणाले! 'जो हलत नव्हता तो पूलसुद्धा गेला, तू कशाला थांबलीस? माझा हात थरथरतो, अक्कल नाही थरथरत. आणि घरात तुझी आत्या आहेच, दिवसभर टोमणे मारायला!'"

"ठरलं ना?" मामा म्हणाले. "मग ये बाई लवकर! इथे क्रेनचं डिझेल जळतंय!"

होडी निघाली. भिंगरी पाना टाकून काठाकडे धावला. तो पाण्यात गुडघ्यापर्यंत कधी गेला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. होडी टेकायच्या आत तिने हात पुढे केला. त्याने डबे धरायला हात पुढे केला होता, पण धरला तिचा हात. पांढरा रंग दोघांच्याही तळहाताला लागला.

"तुझ्या पापणीवर त्या दिवशी ठिपका होता," तो म्हणाला. "सांगितलं नाही मी."

"माहितीये," ती म्हणाली. "घरी आरशात बघितला. पुसला नव्हता मी."

पूल आता त्या तापट नदीवर उभा आहे. माणसं दवाखान्यात चालत जातात. होडीवाल्याने काठावर चहाची टपरी टाकलीये आणि तो म्हणतो, धंदा बरा चाललाय. नववा खण लंगडा का, असं कोणी विचारलं तर तो गंभीर चेहऱ्याने सांगतो की पुरात भला मोठा ओंडका आदळला होता. खरं त्याला माहीत आहे. पण गोष्ट तेवढी हवीच ना पुलाला.

ती दोघं केव्हाच पुढच्या नदीवर गेली. टोळी भिंगरीला मिळाली. आकडे आता पाटीवालीच पुकारते आणि रंगवतेही तीच. जाताना मामांनी तेवढी एकच अट घातली होती. नंबर पडत असताना या दोघांना समोरासमोर उभं करायचं नाही.

काम सुटल्यावर काय करायचं, ते मामांनी सांगितलं नव्हतं.